सुवर्णाने काय काय सोडलं

सुवर्णाचा मला अजून राग येतो. माणूस लांब गेलं की राग विरतो म्हणतात, आणि ती काही फार लांब गेलेली नाही, गाडीने साडेतीन-चार तासांवर आहे, फोन केला तर उचलते. तरी आमच्या कॅफेटेरियात दुपारी तीनच्या सुमाराला गर्दी ओसरली, काचेच्या कपाटात दोन-चार नुसश्नेके उरलेल्या दिसल्या, की माझं डोकं फिरतं. नुसश्नेके म्हणजे हेझलनटचं सारण भरून गोगलगाईसारखा गुंडाळलेला गोड पाव. विद्यार्थ्यांना एक युरो साठ. सुवर्णाने तो जवळजवळ दर आठवड्याला विकत घेतला आणि एका हिवाळ्यात त्यातला तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. घालू शकत होती. कुणी अडवलं नव्हतं.

मी रेगेन्सबर्गच्या एका कॉलेजच्या कॅफेटेरियात गल्ल्यावर असते. शिकलेली नाही. नववीत गणितात नापास झाले, आणि विट्याजवळच्या आमच्या गावात मुलगी नापास झाली याचा अर्थ घरात कामाला दोन हात वाढले एवढाच होता. लग्नानंतर आमचे हे वेल्डिंगच्या कामावर इकडे आले, मागून मी. पहिली दोन वर्षं मी मागच्या बाजूला भांड्यांच्या मशीनवर होते आणि सुखात होते. भांडी प्रश्न विचारत नाहीत. मग एक दिवस आमच्या प्रमुख फ्राऊ लेहनर म्हणाल्या, गल्ल्यावरची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आहे, उद्यापासून तुम्ही पुढे. त्या रात्री मी जेवले नाही.

गल्ल्यावर प्रत्येक वस्तूला तीन भाव असतात. तोच कपुचिनो विद्यार्थ्याला एक सत्तर, कर्मचाऱ्याला दोन दहा आणि बाहेरून आलेल्याला, म्हणजे गेस्टला, दोन साठ. वस्तूचं बटण आधी, मग माणसाचं बटण. त्यात लोक भरभर बोलणार, ते बव्हेरियन बोलीत, आणि आकडे असे सांगणार की एका दमात तीन घास कोंबल्यासारखे. पहिल्याच तासात एका पोराने मला काहीतरी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मोठ्याने सांगितलं. मी पुटपुटले, "देवा, काय म्हणतोय हा?"

"तो म्हणायलाय, कप माझा घरचा आहे, दहा सेंट कमी करा," रांगेतून आवाज आला.

मराठीत! मी मान वर केली. रांगेत पाचव्या नंबरवर एक बुटकी मुलगी, कान झाकणारी लोकरीची टोपी, आणि पाठीवर अशी बॅग की मागून पाहिलं तर बॅगेलाच पाय फुटलेत असं वाटावं. ती सुवर्णा. गाव लातूर, बी.ई. झालेली, इथे मास्टर्सला आलेली. तिचा नंबर आला तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, घाबरायलाव कशाला? हे मशीन तुमच्यापेक्षा अडाणी आहे. तीनला येते मी."

आणि तीनला आली. काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "पंचवीस म्हणा."

"पंचवीस."

"त्यात आधी काय आलं? पाच का वीस?"

"पाच."

"जर्मन लोकही तेच करतात. आधी पाच, मग वीस. फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिग. इंग्लिशमध्ये आधी वीस येतात, म्हणून आपली इंग्लिश मीडियमची पोरं इथे वर्षभर बावचळतात. तुम्ही इंग्लिश शिकला नाहीत तेच बरं झालं. आलं का ध्यानात?"

मी न शिकलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे, पण त्यातल्या एकीला कुणी 'बरं झालं' म्हटल्याचं मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते अजिबात चाललं नाही. "रडायचं असेल तर ब्रेकमध्ये रडा. आता मी प्रोफेसर आहे, माझी ट्रेन आहे, आणि मला एक बटरब्रेझे, एक कॉफी, कप घरचा. बोला, किती?"

आठवडाभर रोज तीन वाजता ती वेगवेगळी गिऱ्हाइकं झाली. कधी बहिरा म्हातारा, कधी नाक वर करून बोलणारी बाई, कधी बव्हेरियन बोलीतला रखवालदार, जो दर वाक्याला टेबलावर थाप मारायचा. चुकले की ती नाटक न मोडता भांडायची. फ्राऊ लेहनर दारातून बघायच्या आणि निघून जायच्या. सातव्या दिवशी मी बारा गिऱ्हाइकं एका दमात, एकही चूक न करता काढली. सुवर्णा म्हणाली, "झालं. आता मला खरा कपुचिनो द्या." तिचे पैसे मी द्यायला निघाले तर माझा हात तिने गल्ल्यावर दाबून धरला. "ताई, माझा भाव एक सत्तर आहे, तुमचा दोन दहा. तुमच्या खिशातून महाग पडतं."

कपुचिनोचा फेस ती आधी चमच्याने खायची. साय म्हणायची त्याला. मग खालची कॉफी निवली तरी चालायचं. ब्रेझे हा वेटोळ्याचा खारट पाव, साधा नव्वद सेंटला, मधे चिरून लोणी लावलेला एक चाळीसला. हा पन्नास सेंटचा फरक तिला मान्य नव्हता. "एवढ्या लोण्याला पन्नास? लातूरला माझा मामा म्हशी पाळतो, त्याला बोलावू का?" असं दर वेळी म्हणायची आणि दर वेळी लोणीवालाच घ्यायची. खाताना आधी बारीक कुरकुरीत दांड्या, मग मधलं गुबगुबीत पोट. महिन्यातून दोनदा, लॅबमधल्या नोकरीचे पैसे आले की पोमेस, म्हणजे बटाट्याचे तळलेले काप. दोन वीस, वर मेयोनेझचे तीस सेंट निराळे. भिंतीवरच्या फळीवर भाव बदलला की माझ्याआधी तिला कळायचं.

आणि भांडायची. केवढी भांडायची! माझा जीव वरखाली व्हायचा, कारण मी अजून कच्च्या नोकरीवर होते आणि ती उघड उघड 'माझं माणूस' होती. सगळ्यात मोठं भांडण गरम पाण्यावरून झालं. स्वतःची चहाची पुडी आणून नुसतं गरम पाणी घेतलं तर आमच्याकडे तीस सेंट पडतात. सुवर्णाने ती पाटी वाचली आणि सरळ फ्राऊ लेहनरना बोलावलं.

"आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात," ती जर्मनमध्ये म्हणाली. "तुम्ही त्याचे पैसे घेता?"

"थंड पाणी फुकट आहे. नळ तिकडे."

"आणि गरम केलं की?"

"गरम करायला वीज लागते."

दुसऱ्या दिवशी सुवर्णा घरून दोन लिटरचा थर्मास घेऊन आली आणि रांगेत उभं राहून ज्याला त्याला गरम पाणी ओतू लागली. फ्राऊ लेहनर आल्या. पाटीवर बोट ठेवलं: बाहेरचे खाद्यपदार्थ विकण्यास मनाई. "विकत नाही, वाटायलेय," असं तिने आधी मला मराठीत सांगितलं, मग त्यांना जर्मनमध्ये. फ्राऊ लेहनरनी पाटी पुन्हा वाचली. खरंच, वाटण्याबद्दल काही नव्हतं. त्या परत गेल्या. तिसऱ्या दिवशी पाटीवर एक शब्द वाढलेला होता. मला वाटलं सुवर्णा चिडेल. ती खूश झाली. "बघा ताई, या बाईला हरवायचं असेल तर नियमानेच हरवावं लागतं. मला आवडली." त्या दोघी त्यानंतर एकमेकींना इतक्या आदराने नमस्कार करायच्या की बघणाऱ्याला भीती वाटावी.

असली ही मुलगी. जगाशी भांडणारी, आणि तीच स्वतःशी मात्र एवढी वेड्यासारखी वागली.

तिचा एक विषय अडला होता. नाव मला म्हणता येत नाही. ती सांगायची, "मशीनला कधी थांबायचं ते शिकवायचं, एवढाच विषय आहे. तुमच्या कॉफीच्या मशीनला दूध किती तापवायचं ते कोण सांगतं? तो माझा विषय." दूध बरोबर तापायचं, पण विषय सुटत नव्हता. पहिल्यांदा नापास झाली तेव्हा मला कळलंही नाही. दुसऱ्या परीक्षेच्या आधी तिने कपुचिनो बंद केला. मला वाटलं, काटकसर. दुसऱ्यांदाही पाच आले. इथे उलटं असतं, आकडा वाढला की वाईट, चारपर्यंत पास. आणि त्यानंतर एकेक करत बटरब्रेझे गेली, नुसश्नेके गेली, पोमेस गेले. डिसेंबरात तिच्या ट्रेमध्ये साधा कोरडा झेमेल उरला, म्हणजे साधा गोल पाव, साठ सेंट, आणि बाटलीत नळाचं पाणी.

बरं, खात नव्हती तर येऊ नये ना! पण रोज यायची. रांगेत उभी राहायची, कपाटात वाकून बघायची, नुसश्नेके आजच्या आहेत का विचारायची, आठवड्यातून एखादी विकत घ्यायची आणि कुणातरी ज्युनिअरला पकडून त्याच्यासमोर ठेवायची. रोहन नावाचा पुण्याचा एक सरळ मुलगा होता, तो बहुतेक वेळा सापडायचा.

"खा."

"सुवर्णाताई, मी आत्ता जेवलो."

"जेवण नाही हे. खा. सारण ओलं आहे का?"

"आहे."

"कडेला का मधे?"

"अगं, सगळीकडे सारखंच आहे!"

"नीट चावून सांग. कडेला करपलेलं असतं, तेच चांगलं असतं. लागलं का?"

रोहन बिचारा डोळे मिटून चावायचा, परीक्षेला बसल्यासारखा. नंतर तो तिला बघून दुसऱ्या दाराने जायला लागला. मी तिला विचारलं, "काय चाललंय तुझं?" तेव्हा तिने सांगितलं.

तिची आई नवस करते. नवस म्हणजे दुसरं काही नाही, चहा सोडते. सुवर्णाच्या दहावीला सोडला, निकाल लागेपर्यंत. एक्क्याण्णव टक्के पडले. बारावीला सोडला, तेव्हाही छान झालं. इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांना सोडला. आई चहाची पक्की, दिवसाला पाच कप. सोडला की डोकं धरून अंधाऱ्या खोलीत पडायची, वर उलट्या. शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी चांगलंच झापलं होतं.

"आता आईला कळलं ना, की मी दोनदा नापास झाले, तर ती उद्यापासून चहा बंद करेल. तिला बीपी आहे. म्हणून मी सांगितलंच नाही," सुवर्णा म्हणाली. "पण कुणीतरी काहीतरी सोडायला तर पाहिजे ना. म्हणून मीच सोडलं, मला आवडतं ते सगळं."

मी कपाळावर हात मारला. "अगं, एवढी शिकलेली तू! परीक्षा डोक्याने द्यायची का रिकाम्या पोटाने?"

"आई सोडायची तेव्हा मला नव्वद पडायचे."

"ते तुझ्या अभ्यासाचे होते."

"बरं. मग आता तेवढाच अभ्यास करूनही का पडत नाहीत?"

 आता हे नववी नापास बाईने काय सांगावं?

तिसरी परीक्षा फेब्रुवारीत होती. ती शेवटची. इथला कायदा असा आहे की तिसऱ्यांदा नापास झालात तर तो अभ्यासक्रम संपला. या कॉलेजात संपला आणि जर्मनीतल्या बाकी सगळ्या कॉलेजांतही संपला. हे तिने मला सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन चान्स मिळतात तुम्हाला! आम्हाला एकच मिळाला."

ती चटकन म्हणाली, "तुम्हाला परत बसायला कुणी मना केलं नव्हतं ताई. मला कायदा मना करेल."

घाव बसला. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. साठ सेंट, धन्यवाद. तिसऱ्या दिवशी तिचे गाल बघितले, टोपीखाली एवढंसं उरलेलं तोंड, आणि माझा राग दुसरीकडे वळला. त्या दिवसापासून मी रोज भांडले. गरम सूप पुढे केलं. "भाजीचं आहे, यात तू काही सोडलेलं नाही." म्हणाली, "सूप आवडायला लागेल, मग तेही सोडावं लागेल." आमच्या घरी जेवायला ये म्हटलं. "परीक्षेनंतर." तिच्या आईचा नंबर मागितला. त्यावर तिने ट्रे उचलून असा दूर नेला की मी पुन्हा मागितला नाही.

आणि आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. जानेवारीच्या मधे एका सकाळी मी चहाचं आधण ठेवलं आणि उतरवलं. मनात म्हटलं, हिच्या आईला माहीत नाही, तर आईच्या जागी कुणीतरी नको का? रोज सकाळी एक आणि ब्रेकमध्ये एक, असे माझे दोन चहा. ते मी सोडले, सुवर्णा पास होईपर्यंत. जिला मी रोज वेड्यात काढत होते तिच्याच ओळीत जाऊन बसले. पहिले चार दिवस डोकं असं ठणकायचं की गल्ल्यावरचे आकडे पोहायला लागायचे. हे विचारायचे, "तुला झालंय काय?" मी म्हणायचे, "पित्त." ब्रेकमध्ये पेल्यात गरम पाणी घेऊन बसायचे. कर्मचाऱ्यांना ते फुकट असतं.

परीक्षा झाली. ती म्हणाली, पेपर बरा गेला. पाच प्रश्नांतले साडेतीन. मग निकालाची वाट.

मार्चमधल्या एका मंगळवारी, दुपारी दोनच्या रांगेत, मला तिची टोपी दिसली. मग ट्रे दिसला. कपुचिनो. बटरब्रेझे. नुसश्नेके. पोमेस, वर मेयोनेझची पुडी. सगळं एकाच ट्रेमध्ये, सगळं एकट्या सुवर्णासमोर.  तिच्या पुढच्या माणसाला मी सुटे किती परत दिले देव जाणे. ती समोर आली तशी मी ओरडलेच, "झालीस? झालीस ना?" आणि तिने कार्ड काढायच्या आधी सगळ्या वस्तूंची बटणं आणि वर विद्यार्थ्याचं बटण दाबून टाकलं. सात युरो वीस.

"गेस्ट लावा, ताई," ती म्हणाली.

"काय?"

"बाहेरचा भाव लावा. पाच आले."

मागे रांग होती. मी तेच म्हणाले जे रोज म्हणते. "कार्ड आहे ना तुझ्याकडे?"

"कार्ड आहे. सेमिस्टर संपेपर्यंत चालतं. पण मी आता विद्यार्थी नाही ना. उगाच कशाला? गेस्ट लावा."

"अकरा युरो दहा होतील गं! चार युरो जास्त! कुणासाठी?"

"लावा म्हटलं ना."

एकदा दाबलेलं बटण रद्द करायला फ्राऊ लेहनरची किल्ली लागते. त्यांना बोलवावं लागलं. काय झालं, त्यांनी विचारलं. सुवर्णाने जर्मनमध्ये सांगितलं, एका वाक्यात, आवाज हलू न देता. फ्राऊ लेहनरनी तिच्या हातातून कार्ड घेतलं, मागची तारीख वाचली, किल्ली न फिरवता खिशात परत ठेवली.

"एकतीस मार्चपर्यंत तुम्ही विद्यार्थिनी आहात," त्या म्हणाल्या. "सात युरो वीस."

"मला जास्त द्यायचे आहेत."

"जास्त घ्यायची मला परवानगी नाही. नियम आहे." आणि मग त्यांनी कार्ड तिच्या ट्रेवर ठेवलं, पोमेसच्या शेजारी, हलक्या हाताने.

सुवर्णाचा चेहरा पहिल्यांदा तेव्हा बिघडला. या देशाच्या एका नियमाने तिला सकाळी बाहेर काढलं होतं, आणि दुसरा नियम दुपारी तिला बाहेर जाऊ देत नव्हता. तिने सात वीस दिले. खिडकीजवळच्या टेबलावर एकटी बसली. फेस आधी चमच्याने खाल्ला. दांड्या आधी, पोट नंतर. नुसश्नेके सबंध. पोमेस गार झाले तरी शेवटचा तुकडा संपेपर्यंत उठली नाही. मला जाऊन शेजारी बसायचं होतं. रांग संपत नव्हती. ट्रे परत ठेवताना ती लांबूनच म्हणाली, "मीठ कमी होतं," आणि गेली.

पुढचे दोन-अडीच आठवडे ती आली नाही. मी फोन करायचे.

"आईला सांगितलंस?"

"सांगते."

"कधी?"

"ताई, काहीतरी ठरू दे ना. नुसतं 'झालं नाही' असं कसं सांगू?"

मी फोन ठेवून घरात आपटाआपट करायचे. हे म्हणायचे, तिचं ती बघेल, तू कशाला? पण माझंही एक अडकलं होतं, ते मी कुणाला सांगू? नवस फळला तर तो कसा फेडायचा हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. न फळलेला नवस सोडायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सुवर्णा पास होईपर्यंत चहा नाही, असं मी म्हटलेलं. आता ती पास होणं कायद्यानेच बंद झालं. म्हणजे मी जन्मभर चहा प्यायचा नाही की काय? हसायला येतं, पण आधण ठेवायला हात होईना.

मार्च संपता संपता ती आली. पाठीवर ती बॅग, हातात मोठी सूटकेस, दुपारचे तीन.

"त्सुफेनहाउझेनला चाललेय ताई. स्टुटगार्टच्या तिकडे. एका वर्कशॉपमध्ये आउसबिल्डुंग मिळालं, सप्टेंबरपासून." आउसबिल्डुंग म्हणजे पगार घेत घेत काम शिकायचं, इथली पोरं शाळा सुटल्यावर करतात ते. "तोवर मावसबहिणीकडे राहते. तीन वर्षं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसायचं. बी.ई. कुणी विचारली पण नाही. दहावीचं सर्टिफिकेट बघितलं. एक्क्याण्णव टक्के, आईच्या चहाचे."

"आईला?"

"सांगितलं काल."

"काय म्हणाली?"

"आधी रडली. मग म्हणाली, दोनदा नापास झालीस तेव्हाच का नाही सांगितलं, मी सोडला असता. मी म्हटलं, म्हणूनच नाही सांगितलं.  मग म्हणाली, बरं, हे नवीन आहे त्याची परीक्षा कधी असते?" सुवर्णा हसली, आणि हसता हसता तिची नजर गल्ल्याशेजारच्या माझ्या पेल्यावर गेली. ब्रेकमधला उरलेला. "हे काय पिताव?"

"गरम पाणी."

"चहा का नाही?"

"पित्त झालंय."

"कधीपासून?"

मला खोटं नीट बोलता येत नाही. "जानेवारीपासून."

तिने मग टोपी काढली. त्या हिवाळ्यात तिला मी टोपीशिवाय पहिल्यांदा बघत होते. "ताई, तुम्ही? मला एवढ्या शिव्या घालून?"

"तू गप्प बस."

"आणि अजून चालूच आहे? निकाल लागला तरी? कशासाठी?"

"मला काय माहीत कशासाठी!" मी एवढ्या जोरात म्हणाले की टेबलावरची पोरं वळली. "कसा थांबवायचा सांग ना! तूच शिकलीस ना, कधी थांबायचं ते!"

बोलले आणि जीभ चावली. ती मशीनकडे गेली, कप घेतला, पुडी टाकली, दूध ओतलं आणि माझ्यासमोर आणून ठेवला.

"कर्मचारी लावा. तुमचा चहा आहे." एक युरो वीस. तिने दिले. "प्या."

"गल्ल्यावर खायला-प्यायला बंदी आहे. ब्रेकमध्ये पिते."

"तुमचा ब्रेक संपलाय. माझी बस सहा मिनिटांत आहे. प्या."

तेवढ्यात पोरांचा एक घोळका आत आला आणि रांग लागली. फ्राऊ लेहनर दारात उभ्या होत्या. सुवर्णाने सूटकेस ओढली आणि बाहेर गेली. निरोप नाही, नमस्कार नाही. आमच्या खिडकीसमोरच बसथांबा आहे. ती तिथे जाऊन उभी राहिली, तोंड माझ्याकडे करून. मी दोन गिऱ्हाइकं काढली. वर बघितलं, ती तशीच. बस आली. लोक चढले. ती चढेना. काचेपलीकडून हाताने दाखवलं, प्या.

मला तिला सांगायचं होतं की हा गल्ला तू मला दिलास. आकडे तू दिलेस, पगार तू दिलास. एवढ्या महिन्यांत भांडण्याच्या नादात मी ते कधी म्हटलंच नव्हतं, आणि आता मधे काच होती, चार पोरं होती, दारात फ्राऊ लेहनर होत्या. मी कप उचलला. एक घोट घेतला. ती हलेना. हाताने दाखवलं, सगळा. ड्रायव्हरने हॉर्न दिला. माझ्यासमोरचा पोरगा कार्ड धरून थांबलेला, आणि मी सगळ्यांदेखत तो कढत चहा एका दमात घशाखाली घातला. डोळ्यांतून पाणी आलं. फ्राऊ लेहनर खिडकीबाहेर बघत होत्या, माझ्याकडे नाही.

मी कप खाली ठेवला तेव्हा ती सूटकेस आत ढकलत होती. तिची बॅग बसच्या दारात अडकली. आतून कुणीतरी ओढून घेतली, दार मिटलं आणि बस निघाली.

जीभ पोळली होती. चहा पाणचट होता, आणि साखर घालायला ती विसरली होती.